कुंदाकाकू आणि पाण्याची स्टेज

मंडळी, मागे उभे आहात त्यांनी पुढे या. सतरंजीवर जागा आहे. आजी, तुम्ही खुर्चीवर बसा, तुम्हाला खाली बसवत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

मी सेलिन. शेजारच्या वाडीतली, इनास सरांची मुलगी. काल निलेश मला म्हणाला, "सेलिन, तू बोल. बाकीचे रडतील." त्याचं बरोबर आहे. मला चारचौघांत रडता येत नाही. मी लॅबमध्ये काम करते. काचपट्टीवर जे दिसतं ते लिहायचं, आपल्याला काय वाटतं ते लिहायचं नाही, ही सवय अंगात मुरली आहे. आजही तसंच बोलणार आहे. तरी सोपं नाही. या ओट्याच्या पायरीवर बसून मी मोठी झाले. इथेच हातात माईक घेऊन उभं राहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

आणखी एक. कुंदाकाकूला मी अगं काकू म्हणायचे. इथेही तसंच म्हणेन. अहो म्हटलं तर ती मागे वळून बघेल, कुणाला बोलावतेय म्हणून.

माझ्याआधी जे बोलले त्यांनी काकूच्या मोगऱ्याबद्दल सांगितलं, भजनी मंडळाबद्दल सांगितलं, अडल्यानडल्याला धावून जायची ते सांगितलं. सगळं खरं आहे. मी व्हिडिओ गेमबद्दल बोलणार आहे. हसलात तरी चालेल. काकूला चाललं असतं.

बाहेरगावाहून आलेल्यांना थोडं मागचं सांगावं लागेल. निलेश हा काकूचा धाकटा मुलगा. थोरला संदेश. काकूच्या या घरामागे बावखल आहे. वाडीला पाणी द्यायला पूर्वजांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. आमच्या या नंदाखाल गावात तुम्हाला अशी बरीच दिसतील. मे महिन्याच्या सुट्टीत, भर दुपारी, संदेश पाण्यात पडलेला नारळ काढायला उतरला. त्याला पोहता येत नव्हतं. निलेश काठावर उभा होता. सात वर्षांचा. त्याने हाका मारल्या, मग आईला बोलवायला धावला. काकू मोगऱ्याच्या वाफ्यात होती. आरडाओरडा ऐकून माझे पप्पा कुंपणावरून उडी मारून आले आणि पाण्यात शिरले. संदेशला त्यांनीच बाहेर काढलं. उशीर झाला होता.

एवढंच. याच्यावर मी जास्त बोलणार नाही, काकूही बोलत नसे.

त्यानंतर काकूच्या नवऱ्याने, वसंतकाकांनी, बावखलाला तारेचं कुंपण घातलं, फाटक बसवलं, फाटकाला कुलूप लावलं. पप्पांनी पोहणं सोडलं. आणि काकूने निलेशला घरात ठेवलं. शाळेत हात धरून न्यायची, हात धरून आणायची. आम्ही बाकीची मुलं कैऱ्या पाडायला, समुद्रावर, केळीच्या बागेत लपाछपी खेळायला. निलेश या खिडकीत. ही बघा, हीच खिडकी. गज धरून उभा असायचा. आम्ही हाक मारली तर आधी आईकडे बघायचा. आई मान हलवायची. तो परत बाहेर बघायचा.

असं वर्षभर तरी चाललं.

मग एक दिवस काकू कुकरची रिंग आणायला विरारच्या बाजारात गेली. तिथे एका दुकानात टीव्ही लावलेला होता आणि टीव्हीसमोर मुलं उभी होती. हे काकूने मला पुढे कित्येक वर्षांनी सांगितलं, कळ्या ओवता ओवता. ती म्हणाली, "सेलिन, दहाबारा पोरं होती, आणि एकाचाही पाय हलत नव्हता. मी एवढी शांत उभी राहिलेली पोरं फक्त शाळेच्या प्रार्थनेला बघितली होती."

तिने दुकानदाराला विचारलं, "हे काय आहे?"

"व्हिडिओ गेम आहे, बाई."

"याने पोरं घरात बसतात?"

दुकानदार म्हणाला, "बाई, उठवावी लागतात."

काकूने तो गेम घेतला. कुकरची रिंग विसरली.

तुमच्यातल्या तरुण मुलांना हे यंत्र काय होतं ते सांगून कळणार नाही. एक हलका डबा, त्यात वरून खोचायची कॅसेट, दोन वायरी, दोन रिमोट. कॅसेटवर लिहिलेलं असायचं की आत हजारो गेम आहेत, आणि आत तेच पाचसहा गेम पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने निघायचे. चित्र आलं नाही तर कॅसेट काढून फुंकर मारायची. फुंकर मारायचा मान ज्याच्या हातात कॅसेट असेल त्याचा. त्यावरून भांडणं व्हायची.

गावात कुणाकडेच तो गेम नव्हता. दोन दिवसांत आम्ही सगळे या घरात. आधी निलेश बाहेर येऊ शकत नव्हता, आता बाहेर कुणी उरलंच नाही. समोर बसलेल्यांपैकी कितीजण त्या खोलीत होते? हात वर करू नका, मला चेहरे दिसतायत.

काकूने दोनच नियम केले. एक, चटईवर बसायचं आणि पाळीपाळीने खेळायचं. दुसरा नियम नंतर आला. एका गेममध्ये उड्या मारत जाणारा एक छोटा माणूस होता. आम्ही त्याचं नाव बंड्या ठेवलं होतं. बंड्या खड्ड्यात पडला की आम्ही सगळे एकदम ओरडायचो, "मेला, मेला!" पहिल्याच आठवड्यात आम्ही असं ओरडलो आणि स्वयंपाकघरात पातेलं पडलं. काकू दारात आली. रागावली नाही. म्हणाली, "या घरात तो शब्द नाही बोलायचा. दुसरं काहीतरी बोला."

मग आम्ही "पुन्हा" म्हणायला लागलो. बंड्या पडला की "पुन्हा!" काही दिवसांनी तोंडात ते इतकं बसलं की शाळेत क्रिकेट खेळताना कुणी बाद झाला तरी आम्ही "पुन्हा" ओरडायचो, आणि दुसऱ्या वर्गाची मुलं भांडायला यायची. पुन्हा काय पुन्हा, आऊट आहे तो.

माझ्यापुरतं सांगते. आमच्या घरी मुलगी दुपारी रिकामी दिसली की तिच्या हातात काम यायचं. कोंबड्यांना दाणे टाक, चिंचा फोड, धाकट्याला सांभाळ. काकूच्या घरी मी चटईवर बसले की मला कुणी उठवत नसे. तिथे मी मुलगी नव्हते, मोठी नव्हते, लहान नव्हते. माझी पाळी आली की रिमोट माझा. मी चांगली खेळायचे. दुसऱ्या कुठल्याच गोष्टीत मी तेव्हा चांगली नव्हते, म्हणून हे मला नीट आठवतं. दुपारची वेळ, खिडकीचे पडदे ओढलेले, भिंतीपाशी काकू केळीच्या पानावर मोगऱ्याच्या कळ्या घेऊन बसलेली, आणि आम्ही. कुणी विचारलं की तुझं बालपण कसं होतं, तर मला समुद्र आठवत नाही, ती खोली आठवते.

गावातल्या मोठ्या माणसांना हे पटलं नाही. डोळे बिघडतील, अभ्यास बुडेल, नाद लागेल. शेवटी माझे पप्पा आले. ते शिक्षक, त्यांनीच बोलावं असं ठरलं असणार. याच ओट्यावर उभे राहिले. मी आत बसून ऐकत होते.

पप्पा म्हणाले, "वहिनी, तुम्ही पोरांना बिघडवताय."

काकू म्हणाली, "बिघडू देत, सर. संध्याकाळी मोजली की सगळी भरतात."

पप्पा ओट्यावरून उतरले. घरी आले आणि आईला म्हणाले, "तिच्याकडे जाऊ दे पोरांना."

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यासाठी मी उभी राहिले.

त्या बंड्याच्या गेममध्ये एक पाण्याची स्टेज होती. आधी जमीन, मग पूल, मग पाणी. पाण्यात बंड्याला पोहत न्यायचं. त्यासाठी बटण दाबत राहावं लागायचं. बटण थांबलं की बंड्या खाली जायचा. निलेश आमच्या सगळ्यांत हुशार खेळाडू. जमिनीवर त्याला कुणी हरवू शकत नसे. पण पाणी आलं की तो रिमोट माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "सेलिन, तू खेळ." आणि उठून पाणी प्यायला जायचा, नाहीतर चटईचे धागे उपसत बसायचा. मला वाटायचं, मी चांगली खेळते म्हणून देतो. मला त्याचा अभिमान होता.

अशी तीनचार वर्षं गेली. मुलं मोठी झाली, काही येईनाशी झाली. निलेश मात्र तिथेच. बाहेर जा म्हटलं तरी जाईना. आधी आई सोडत नव्हती, आता तोच घर सोडत नव्हता. पावसात साचलेल्या पाण्यातून चालायचं असलं की शाळेला दांडी. विहिरीवर बादली ओढायला सांगितली तर अंगावर काटा यायचा.

मेच्या सुट्टीतल्या एका दुपारी गेममध्ये पाणी आलं, निलेशने रिमोट माझ्याकडे दिला, आणि काकू भिंतीपाशी बसली होती ती उठली. कळ्यांचं पान बाजूला ठेवलं. हात पदराला पुसले. माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "दे इकडे."

निलेश म्हणाला, "आई, तुला नाही जमणार."

"नाही जमलं तर नाही जमलं."

काकूला रिमोट धरता येत नव्हता. ती एकदा जोरात बटण दाबायची आणि वाट बघायची. बंड्या सरळ तळाला. आम्ही हसलो. पुन्हा. परत तळाला. बंड्याला उजवीकडे न्यायचं तर ती स्वतः उजवीकडे कलायची, आमच्या अंगावर पडायची. आम्ही हसून लोळलो. निलेश हसला नाही. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

दुसऱ्या दिवशी काकू परत बसली. तिसऱ्या दिवशीही. आम्हाला वाटलं हिलाही नाद लागला. ती खेळता खेळता, मागे न बघता, विचारायची, "निलेश, आता काय करू?"

तो भिंतीकडे बघूनच सांगायचा, "दाब."

"दाबलं."

"दाबत राहा. थांबू नको."

"खाली चाललाय रे."

"थांबलीस म्हणून चाललाय."

असं किती दिवस चाललं मला सांगता येणार नाही. एक दिवस माझं लक्ष गेलं तर निलेशचं तोंड टीव्हीकडे होतं. काकू त्या दिवशी बरीच पुढे गेली होती. तिची बोटं थकली असावीत, बंड्या खाली जायला लागला. आणि निलेश गुडघ्यांवर उभा राहिला आणि ओरडला, "वर ये! वर ये! वर ये ना!"

मंडळी, हे शब्द त्याने याआधी कुठे उभं राहून ओरडले होते, ते आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. आम्ही लहान होतो, पण इतके लहान नव्हतो.

काकूने रिमोट खाली ठेवला नाही आणि त्याच्याकडे वळलीही नाही. फक्त हात बाजूला केला. निलेशने तिच्या हातातून रिमोट घेतला आणि बटण दाबत राहिला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो दाबत होता. बंड्या वर आला. मासे आले, ते चुकवले. स्टेज संपली. पुढे जमीन होती.

काकू उठली आणि आत जाऊन चहा ठेवला. आम्हाला सगळ्यांना चहा मिळाला, जो एरवी मुलांना मिळत नसे.

त्याच आठवड्यात काकू आमच्या घरी आली. पप्पा वह्या तपासत होते. मी पलीकडे होते. काकू बसली नाही.

म्हणाली, "सर, निलेशला पोहायला शिकवा."

पप्पांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "वहिनी, मी आता पाण्यात जात नाही."

"माहीत आहे."

"दुसरं कुणी..."

"नाही," काकू म्हणाली. "माझ्या एकाला तुम्ही बाहेर काढलंत. दुसऱ्याला तुम्हीच आत न्या."

पप्पांनी समोरची वही मिटली. आईने आतून विचारलं, चहा ठेवू का. मग पप्पांनी विचारलं, "तुम्ही असाल का तिथे?"

"असेन," काकू म्हणाली.

रविवारी, चर्चमधली मिसा, म्हणजे प्रार्थना, आटोपल्यावर, वसंतकाकांनी फाटकाचं कुलूप काढलं. कुलूप गंजलं होतं, आधी तेल घालावं लागलं. पप्पा पायरीवर उभे राहिले, एक पाय पाण्यात घातला आणि बाहेर काढला. मी माझ्या वडिलांना घाबरलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. निलेशनेही पाहिलं. मला वाटतं, पप्पाही घाबरतात याचाच त्याला धीर आला असावा. तो म्हणाला, "सर, आपण दोघं एकदम उतरू."

दोघं एकदम उतरले.

काकू काठावर बसली. पाण्याकडे तोंड करून. बायका तिला सांगत होत्या, कुंदा, घरात जा, बघू नकोस. ती गेली नाही. तरंगायला म्हणून निलेशच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधला होता. पहिल्या दिवशी तो फक्त पायरी धरून पाय मारत राहिला. सुट्टी संपेपर्यंत रोज. मग डबा सुटला. मग एक दिवस तो या काठावरून त्या काठावर गेला. पप्पा त्याच्या शेजारी पोहत होते. तो पलीकडे चढला, वळसा घालून धावत काकूसमोर येऊन उभा राहिला, धापा टाकत. आम्हाला वाटलं आता काकू रडणार, त्याला जवळ घेणार.

काकू म्हणाली, "डोकं पूस. सर्दी होईल."

मी सांगितलं ना, तिच्याबद्दल मी जे दिसलं तेच सांगणार. तिने त्याला पंचा दिला. पंचाचं दुसरं टोक तिने सोडलं नाही. एवढं दिसलं.

व्हिडिओ गेमचं पुढे काय झालं? काही नाही. अॅडॉप्टर जळला, डबा माळ्यावर गेला, एका दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला दिला. कुणाला वाईट वाटलं नाही. तोपर्यंत निलेश दुपारभर समुद्रावर असायचा आणि काकू ओरडायची, हा घरात कधी सापडतच नाही.

फाटकाला कुलूप परत लागलं नाही. पुढच्या मेमध्ये काकूने गावात निरोप धाडला. ज्या मुलांना पोहता येत नाही त्यांनी सकाळी यावं, सर शिकवतील. पप्पा गुडघे दुखेपर्यंत शिकवत होते, मग निलेश शिकवायला लागला. पापडीहून, कळंबहून पाहुणी आलेली मुलंही शिकून गेली. काकू काठावर दोर घेऊन बसायची. दोर कधी टाकावा लागला नाही, पण ती दोर घेतल्याशिवाय बसली नाही.

मध्यंतरी एकजण जागा बघायला आला होता. त्याला बावखल बुजवून तिथे इमारत बांधायची होती. कुणीतरी त्याला सांगितलं असणार की या बाईचा मुलगा तिथे गेला, ती लगेच हो म्हणेल. काकूने त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. तो म्हणाला, "आई, त्या जागेच्या वाईट आठवणी आहेत तुमच्या." काकू म्हणाली, "पाण्याने काय केलं? माझ्या मुलाला पोहता येत नव्हतं." आणि त्याला फाटकापर्यंत सोडून आली.

अलीकडे आया तिच्याकडे तक्रार घेऊन यायच्या. काकू, मुलगा मोबाईल सोडत नाही, दिवसभर गेम. काकू त्यांना हिसकावून घे असं कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, "त्याच्या बाजूला बस. काय खेळतो ते बघ. आणि काय खेळायचं टाळतो तेही बघ." त्या बायकांना वाटायचं म्हातारीला काही कळत नाही.

मी आता फार बोलत नाही. निलेश इथे बसला आहे, त्याची बायको आहे. वसंतकाका आहेत. माझे पप्पा चार वर्षांपूर्वी गेले, नाहीतर इथे मी नसते, ते उभे असते.

आपण काकूसाठी दोन मिनिटं शांत उभं राहणार आहोत. त्याआधी एक विनंती. मी बोलत असताना तुम्हाला मागून मुलांचा आवाज येत होता. मला दिसलं, काहीजण वळून बघत होते, एकदोघं उठलेही, त्यांना गप्प करायला. मे महिना आहे. मुलं बावखलात आहेत. सकाळी निलेशला विचारलं होतं, आजच्या दिवस बंद ठेवायचं का. तो नाही म्हणाला. त्याची मुलगीही मघाशीच इथून उठून तिकडेच गेली आहे, दोर घेऊन बसायला. आज काठावर कुणीतरी हवं.

तेव्हा शांत आपण राहू. मुलांना ओरडू द्या.

उठा मंडळी.